शेवट आधी सांगणारे सर

कारखानीस सर आता नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण त्यांना तसंच आवडलं असतं. गोष्टीचा शेवट लपवून ठेवणाऱ्या माणसांचा त्यांना मनापासून राग यायचा. मिनेसोटात, ईडन प्रेरीतल्या आमच्या भारतीय किराणा दुकानात तेव्हा हिंदी सिनेमांच्या डीव्हीडी भाड्याने मिळत. सर एकेक डीव्हीडी उचलून दुकानदाराला विचारायचे, "शेवटी कोण मरतं?" दुकानदार बिचारा म्हणायचा, "सर, मजा निघून जाईल." त्यावर सर म्हणायचे, "मजा राहू दे. कोण मरतं ते सांग, म्हणजे मला निवांत बघता येईल." मागे रांगेत उभ्या असलेल्यांनी कानांवर हात ठेवूनही उपयोग होत नसे. त्या शनिवारी निम्म्या मराठी मंडळाचा सिनेमा फुकट जायचा.

मंडळाच्या उन्हाळी सहलीत मुलांना गोष्ट सांगायचं काम सरांकडे असायचं. इतर काका "एक होता राजा" म्हणून सुरुवात करतील, सर म्हणायचे, "राजा शेवटी स्वतःचे डोळे स्वतःच फोडून घेतो. राणी फास लावून घेते. हं, आता ऐका." मुलांच्या हातातली कणसं हातातच राहायची. एकदा एका आईने तक्रार केली, "सर, मुलं लहान आहेत हो." सर अगदी शांतपणे म्हणाले, "म्हणूनच आधी सांगितलं. शेवट माहीत नसला की माणूस सारखा शेवटाकडेच बघत राहतो. तो कळला की राजाकडे नीट बघायला मोकळा होतो. आलं का ध्यानात?" हे "आलं का ध्यानात?" ते साताऱ्याहून घेऊन आले होते आणि मिनेसोटात चाळीस वर्षं राहूनही त्याला बर्फ लागलं नव्हतं.

सर मूळचे केमिकल इंजिनियर व्हायला आलेले. पहिल्याच हिवाळ्यात एका सकाळी विद्यापीठाच्या आवारात त्यांचे कान बधिर झाले, म्हणून समोर दिसली त्या इमारतीत ते नुसते ऊब घ्यायला शिरले. आत एक म्हातारे प्राध्यापक ग्रीक नाटकातला उतारा वाचत होते. सरांना एक अक्षर कळलं नाही. पण वर्गातली सगळी पोरं श्वास रोखून बसली होती, आणि प्राध्यापकांचे हात थरथरत होते. "मला वाटलं, याचं कोणीतरी आत्ताच गेलंय," सर सांगायचे. "नंतर कळलं, जो गेला त्याला अडीच हजार वर्षं झाली. मग मी तिथनं उठलोच नाही." घरी साताऱ्याला हे कळवलं तेव्हा त्यांच्या थोरल्या भावाने, दादांनी, वडिलांना सांभाळून घेतलं. मंडळात मात्र शेवटपर्यंत कोणी ना कोणी विचारायचंच, "सर, आयटीत का नाही गेलात?" मराठी माणूस, आणि तो गोऱ्या पोरांना ग्रीक शिकवतो, हे आमच्यातल्या कित्येकांना पचत नव्हतं.

मी त्यांना ओळखू लागले ते गाडीमुळे. मी नाशिकला शाळेत इतिहास शिकवायचे. २००३ साली नितीनशी लग्न करून आले, तर माझ्या व्हिसावर नोकरीला परवानगी नाही. दिवसभर घरात बसून भिंती बघायच्या. सरांना तेव्हा डोळ्यांमुळे गाडी चालवायची बंदी झाली होती आणि निवृत्त झाल्यावरही आठवड्यातून दोनदा ते जवळच्या एका लहानशा कॉलेजात शिकवायला जात होते. नितीन म्हणाला, "यार, तू नुकतं लायसन्स काढलंयस, तुला प्रॅक्टिस होईल, त्यांना राइड मिळेल." अशी माझी नेमणूक झाली. पहिल्या दिवशी गाडीत बसल्याबसल्या सरांनी विचारलं, "मास्तरीणबाई, तुमच्या इतिहासातले राजे काय करतात?" मी म्हटलं, "गादीवर बसतात, लढाया करतात, मरतात. आणि सनावळ्या पाठ कराव्या लागतात." ते खूश झाले. "माझ्या राजांना सनावळी नाही. चुका आहेत."

ग्रीक नावं ते आमच्यापाशी कधीच घेत नसत. "नावं परीक्षेला. गोष्टीला राजा पुरतो," म्हणायचे. असं करत करत त्या रस्त्यावर त्यांनी मला एकेक राजा भेटवला. एका राजाचं सैन्य समुद्रकाठी अडकून पडलंय. गलबतं तयार आहेत, पण वारा पडलाय. देवी म्हणते, तुझी मुलगी मला दे, मी वारा देते. "बोला मास्तरीणबाई, चूक कोणाची?" मी म्हटलं, "देवीची. असं मागतात का?" सर म्हणाले, "देव मागतातच. हो म्हणणारा राजा असतो. पण खरं भयंकर पुढे आहे. मुलगी दिल्यावर वारा सुटतो." मग हळूच म्हणाले, "देव शब्द पाळतात हो." बाहेर लख्ख ऊन होतं, दोन्हीकडे मक्याची शेतं होती, आणि माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मी लहानपणापासून देवाकडे मागत आले होते. देव देतो म्हणून घाबरावं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

हळूहळू मी वर्गातही मागच्या बाकावर बसू लागले. पंचवीसएक मुलं, बहुतेक शेतकऱ्यांच्या घरची, टोप्या उलट्या घातलेली. सर आत आले की मात्र ती टोप्या काढून ठेवायची. बुटके, किंचित पोक आलेले, स्वेटरवर स्वेटर घातलेले सर एरवी कोणाच्या डोळ्यांत भरत नसत. पण ग्रीक ओळी म्हणायला लागले की त्यांचा आवाज जमिनीखालून आल्यासारखा यायचा. मला भाषा कळत नव्हती. तरी राजा कुठे अडतो, कुठे गुरगुरतो आणि कुठे त्याच्या लक्षात येतं, हे स्वच्छ कळायचं. अशा वेळी या माणसाबरोबर आपण गाडीतून येतो, त्यांना सीटबेल्ट लावायची आठवण करतो, याचं मला नवल वाटायचं.

त्या वसंत ऋतूत सर त्यांचं सगळ्यात आवडतं नाटक शिकवत होते. राजाने हुकूम काढलाय की शत्रूला मिळालेल्या भाच्याचं प्रेत उघड्यावर पडू द्यायचं, कोणी माती द्यायची नाही. प्रेताची बहीण तो हुकूम मोडते. मेलेल्याचं देणं राजाच्या हुकुमापेक्षा मोठं, असं तिचं म्हणणं. राजा तिला जिवंतपणी गुहेत कोंडतो. मुलगा समजावतो, आंधळा ज्योतिषी समजावतो, राजा ऐकत नाही. शेवटी घाबरतो आणि धावतो. "आणि इथे बघा," सर फळ्याजवळून पुढे येत म्हणाले, "दरबारातल्या म्हाताऱ्यांनी त्याला स्पष्ट सांगितलंय, आधी पोरीला सोडव, मग प्रेताला माती दे. हा काय करतो? आधी प्रेताकडे जातो. रीतसर अंघोळ घालतो, दहन करतो, वर माती रचतो. मग गुहेकडे जातो. तोवर पोरीने जीव दिलाय." पुढच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "पण का? त्याला माहीत होतं ना?" सरांनी चष्मा काढला. "कारण मेलेल्याकडे जाणं सोपं असतं. तो उलट बोलत नाही." नाटकातली ती बहीण बरोबर होती, असं म्हणताना सरांचे डोळे भरून आले होते.

त्यांना एक मुलगी आहे, हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. सांगितलं ते मंडळाच्या शैलाकाकूंनी, तेही स्वयंपाकघरात, आवाज खाली आणून. मुलीचं नाव रेवा. डुलुथला, म्हणजे गाडीने अडीच तासांवर, शाळेत संगीत शिकवते. मी येण्याच्या आदल्या वर्षी सरांच्या पत्नी गेल्या. त्या बरेच दिवस श्वासाच्या यंत्रावर होत्या. सर म्हणत होते, थांबूया. पण सरांच्या पत्नींनी शुद्धीत असताना डॉक्टरांसमोर रेवाला सांगून ठेवलं होतं की असं नुसतं जगवून ठेवायचं नाही, आणि ठरवायचं ते रेवाने ठरवायचं. नवऱ्याला सांगितलं नाही, कारण नवरा ऐकणार नव्हता. रेवाने आईचा शब्द पाळला. यंत्र काढलं. "त्याच संध्याकाळी यांनी पोरीला सांगितलं, माझ्या घरात पाऊल टाकायचं नाही," शैलाकाकू म्हणाल्या. "तिचं नावही काढायचं नाही त्यांच्यापुढे. तू काढू नकोस हं."

मी तिथेच खुर्चीवर बसले. ते नाटक सर दरवर्षी शिकवत होते. दरवर्षी त्या पोरीची बाजू घेऊन त्यांचे डोळे भरून येत होते. आणि घरी हुकूम तसाच उभा होता. हे ढोंग असतं तर मी समजू शकले असते. पण सर ढोंगी नव्हते, त्यांना खरोखर दिसतच नव्हतं. सगळ्या राजांना ओळखणाऱ्या माणसाला आपल्या घरातला राजा दिसू नये, याची मला भीतीच वाटली. पुढच्या खेपेला गाडीत माझ्याच्याने राहवलं नाही. मी म्हटलं, "सर, रेवा डुलुथलाच असते ना?" सरांनी मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं. "समोर बघून चालवा," एवढंच म्हणाले. दोन आठवडे गोष्ट बंद होती. नंतर पुन्हा सुरू झाली, पण रेवाचं नाव निघालं नाही. असाच पुढचा वसंतही गेला.

साताऱ्याचे दादा गेले ते जानेवारीत, एका शनिवारी. पुतण्याचा फोन आला आणि इकडे मंडळाची चक्रं फिरू लागली. परदेशात राहणाऱ्या सगळ्यांना हे काम सवयीचं असतं. कोणाचं कोणी गेलं की एकजण ट्रॅव्हल एजंटला गाठतो, एकजण पासपोर्ट शोधतो, एकजण बॅग भरतो, शैलाकाकू डब्यात पोळ्या देतात, आणि माणसाला विमानात बसवलं की सगळे घरी जाऊन आपापल्या आईवडिलांना फोन करतात. माणूस तिकडे पोचतो तेव्हा दहन होऊन गेलेलं असतं. नितीनने सरांचं दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं तिकीट काढलं. सर खुर्चीत बसून सगळं बघत होते. भाऊ गेला तरी डोळ्यांत पाणी नव्हतं.

रविवारी सकाळी मी त्यांच्यासाठी चहा घेऊन गेले, तर ते कोट घालून दारातच उभे होते. "मास्तरीणबाई, नितीनला सांगा, तिकीट रद्द कर."

"सर, पण दादा..."

"वडील गेले तेव्हा धावत गेलो. राखही थंड झाली होती. आई गेली तेव्हा गेलो, अस्थी हातात मिळाल्या. आता दादासाठीही धावणार होतो. रात्रभर बॅगेकडे बघत होतो." "क्रम चुकतोय हो माझा. मला डुलुथला सोडाल का?"

शैलाकाकू तेवढ्यात पोळ्यांचा डबा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, सुतक आहे तुम्हाला! सुतकात कोणाच्या घरी जातात का? आणि सख्खा भाऊ गेलाय. लोक काय म्हणतील?" सर म्हणाले, "लोक बरोबरच म्हणतील. डबा द्या इकडे. वाटेत खाऊ."

डुलुथचा रस्ता पांढराफटक होता. दोन्हीकडे झाडं काळी आणि उघडी, आभाळ एकदम खाली आलेलं. मी मनातल्या मनात एकेका राजाला आठवत होते. वाऱ्यासाठी मुलगी देणारा. भविष्य टाळायला पळत सुटला आणि पळत पळत बरोबर तिथेच पोचला, तो. त्यांच्यातल्या कोणालाच वाटेत गाडी वळवता आली नव्हती. आणि माझ्या शेजारी सत्तरी ओलांडलेला एक माणूस दोन स्वेटर घालून बसला होता आणि वळला होता. अर्ध्या वाटेवर सर म्हणाले, "तिने दार उघडलं नाही तर?" मी म्हटलं, "तर परत येऊ." ते म्हणाले, "तुम्ही या. मी पायरीवर बसेन."

दार उघडायची वेळच आली नाही. रेवा बाहेर अंगणातलं बर्फ फावड्याने ओढत होती. उंच, बापासारखंच किंचित पोक काढून उभी राहणारी. अनोळखी गाडी थांबलेली पाहून ती सरळ झाली. सर उतरले, दोन पावलं चालले आणि बर्फावरून त्यांचा पाय सरकला. तिने फावडं टाकलं आणि धावत आली. दंड धरून त्यांना उभं केलं आणि म्हणाली, "बाबा, शूज कसले घातलेत? हे स्नोचे नाहीयेत." एवढ्या वर्षांनंतरचं पहिलं वाक्य ते.

सरांनी तिचा हात सोडला नाही. ज्या माणसाला मी वर्गात तास तास बोलताना ऐकलं होतं, त्याला शब्द सापडत नव्हते. मग ते म्हणाले, "रेवा, तू बरोबर होतीस. आईने तुला सांगितलं, कारण मी ऐकणारा नव्हतो. चूक माझी."

त्या नाटकातला राजाही शेवटी हे कबूल करतो. पण तेव्हा ऐकायला पोरगी नसते. इथे ती होती. लाल मोजे, गळ्याभोवती मफलर, नाकाचा शेंडा थंडीने गुलाबी. तिने ऐकलं. लगेच मिठी वगैरे मारली नाही. ती बराच वेळ बापाकडे बघत राहिली, आणि तिचा चेहरा असा काही झाला की मी मान फिरवून तळ्याकडे पाहू लागले. तिथलं तळं समुद्राएवढं आहे, आणि कडाक्याच्या थंडीत त्याच्यावरून वाफा निघतात. देव न बोलावता येतात असं सर म्हणायचे, ते मला त्या दिवशी पटलं. मागून रेवाचा आवाज आला, "आत या. दोघं पण. पोहे करते."

पोहे खाऊन झाल्यावर सरांनी तिथूनच साताऱ्याला फोन लावला. येत नाही म्हणून सांगितलं. पुतण्या खूप बोलला. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मंडळातही पुढे महिनाभर चर्चा चालली, की सख्खा भाऊ गेला आणि हे डुलुथला फिरायला गेले. उन्हाळ्यात सर रेवाला घेऊन साताऱ्याला गेले आणि वहिनींपाशी दोन महिने राहिले. वहिनी पहिले आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. "बरोबर आहे त्यांचं," सर परत आल्यावर म्हणाले. "पण नवव्या दिवशी बोलल्या. जानेवारीत धावलो असतो तर दादा काही बोलला नसता." दादांची आठवण निघाली की मात्र आता त्यांना रडू यायचं, आणि ते लपवत नसत.

२००८ साली नितीनची बदली झाली आणि आम्ही लांब पूर्वेकडे वेस्ट विंडसरला जायला निघालो. सरांना भेटायला गेलो तेव्हा रेवा आलेली होती, आतल्या खोलीत पेटी वाजवत होती. सर खूप थकले होते. मी वाकून नमस्कार केला तर म्हणाले, "मास्तरीणबाई, नाशिकला कधी जाणार?" मी म्हटलं, "डिसेंबरमध्ये चुलत बहिणीचं लग्न आहे, तेव्हा." त्यांनी मान हलवली. "लग्नाला नका जाऊ. आजारपणाला, बाराव्यालाही नका जाऊ. म्हणजे जा, जावं लागतंच. पण एकदा काही कारण नसताना जा. आलं का ध्यानात?" पुढच्या हिवाळ्यात ते गेले. रेवाने फोन करून कळवलं आणि म्हणाली, "मी होते जवळ. तू धावत येऊ नकोस, बाबांनी सांगून ठेवलंय."

मी मिनेसोटाला गेले नाही. फेब्रुवारीत, ना सण ना सुट्टी, नाशिकचं तिकीट काढलं. घरी कोणाला सांगितलं नाही. सकाळी रिक्षातून उतरले आणि बेल वाजवली. बाबांनी दार उघडलं. हातात वर्तमानपत्र होतं. मला बॅगेसकट उभी पाहून त्यांचा चेहरा पांढरा पडला. दाराची चौकट धरून त्यांनी विचारलं, "कोण गेलं?"

"कोणी नाही, बाबा," मी म्हटलं. "सगळे आहेत, म्हणून आले."

त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं, आत वळून आईला हाक मारली, आणि ती हात पुसत बाहेर येईपर्यंत सोडलं नाही.